बिनइस्त्रीचं कापड

वहिनींना सगळी गल्ली वहिनीच म्हणायची. लाँड्रीचे मालक सत्तरीचे, तेही वहिनीच म्हणायचे. सोळा वर्षं त्या एकाच टेबलापाशी उभ्या राहून इस्त्री करत होत्या आणि माणसाच्या तोंडापेक्षा त्याच्या कपड्यांवर त्यांचा जास्त विश्वास होता. कोणाची नोकरी सुटली, कोण चोरून सिगारेट ओढतो, कोणाचं घरात पटत नाही, हे त्यांना घरच्यांच्या आधी कळायचं. विद्या चांगली, पण ती स्वतःच्या घरात वापरू नये. वहिनींनी वापरली.

त्यांचा नवरा तीन वर्षांपूर्वी परदेशी गेला, एका मोठ्या हॉटेलात स्टोअरकीपर म्हणून. त्याआधी तो रोज संध्याकाळी वहिनींना न्यायला लाँड्रीत यायचा आणि काम संपेपर्यंत स्टुलावर पेपर वाचत बसायचा. जाताना मोठ्या ऐटीत म्हणाला होता, "एकदा माझा जम बसू दे, मग लोकांच्या कपड्यांपायी तुला असं उभं राहावं लागणार नाही."

यंदा वहिनींचा व्हिसा मंजूर झाला. नवऱ्याबरोबर तिथं राहायची परवानगी, पण खाली एक अट होती. चार महिन्यांच्या आत तिथं पाऊल ठेवलं नाही तर सगळं रद्द, पुन्हा पहिल्यापासून अर्ज आणि पुन्हा वर्षानुवर्षं वाट बघणं. वहिनींनी त्याच दिवशी माळ्यावरून बॅग काढली. रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लागला आणि त्यांचं लक्ष नवऱ्याच्या कॉलरकडे गेलं.

कॉलर कडक होती आणि टोकाशी एक सुरकुती नव्हती. कॉलर मधून टोकाकडे दाबत नेली की सुरकुत्या टोकाशी गोळा होतात, नवशिका हमखास तिथं फसतो. टोकाकडून मधे यायचं, आणि त्याला हात बसावा लागतो. वहिनींच्या नवऱ्याने तर एकदा रुमालाला इस्त्री करायला घेतली, तेव्हा रुमालासकट खालची चादरही जाळली होती.

"शर्टांना इस्त्री कोण करतं हो तुमच्या?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अगं, इथं सगळं बिनइस्त्रीचं कापड मिळतं. धुवायचं, झटकायचं, घालायचं."

पण शर्ट सुती होता. फोनच्या तडकलेल्या काचेतूनसुद्धा त्यांना तो सुती दिसत होता. मनात पाल चुकचुकली ती तिथं.

संशयाला बसायला जागा दिली की तो पाय पसरतो. पुढच्या रविवारी त्यांना दिसलं, की नवऱ्याने पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलाय आणि कफची बटणंसुद्धा लावलीत. उकाड्याने जीव चाललाय म्हणून स्वतःच कुरकुरत होता. घरात बनियनवर हिंडणारा माणूस हा! हाताला काय लपवत असेल? कोणी दिलेलं घड्याळ? गोंदवून घेतलेलं नाव? त्यात भर म्हणजे, आधी "कधी येतेस, कधी येतेस" म्हणून डोकं खाणारा माणूस आता म्हणायला लागला, "तुझ्या सवडीनं ये, घाई नाही." कुठंतरी पाणी मुरत होतं.

परक्या मुलखात जाऊन सवतीच्या दारात बॅग घेऊन उभं राहायचं, त्यापेक्षा इथलं टेबल काय वाईट? खरं काय ते कळल्याशिवाय जायचं नाही, असं वहिनींनी ठरवलं. मग आधी मालकांना बदली माणूस मिळेना, नंतर वहिनींची दाढ दुखायला लागली. तिकिटाची तारीख दोनदा बदलली.

गल्ली काही झोपलेली नव्हती. व्हिसा हातात असून बाई हलत नाही म्हणजे इथं काहीतरी असणार, असं लोक म्हणायला लागले. काहींनी तर मालकांचं नाव घेतलं, ज्यांना एक जिना चढताना दोनदा बसावं लागतं.

शेवटी वरच्या मजल्यावर राहणारी धाकटी नणंद खाली आली. "वहिनी, नऊ दिवस राहिलेत. खरं सांग, इथं तुझं अडकलंय काय?"

वहिनींनी कॉलरपासून कफपर्यंत सगळं सांगितलं. नणंद भडकली. "माझा भाऊ तसा नाही!"

"भाऊ कोणाचेच तसे नसतात, वन्सं. नवरे असतात."

त्या रविवारी कॉलला दोघी शेजारी बसल्या. वहिनींनी डाव आधीच आखला होता. "अहो, माझ्या मंजुरीची प्रत तुम्ही कपाटावर ठेवलीय ना? जरा काढा, शेवटची तारीख बघायचीय." हात वर गेला की कफ चार बोटं सरकतो, हे इस्त्रीवालीला कोणी शिकवायला नको.

नवऱ्याने फोन टेबलावर टेकवून ठेवला आणि हात वर केला. घड्याळ नव्हतं. नावही नव्हतं. डाव्या मनगटाच्या वर दोन आडव्या रेघा होत्या. एक तपकिरी झालेली, दुसरी अजून लाल.

नणंदेला काही कळलं नाही. वहिनींनी मात्र त्या रेघा लगेच ओळखल्या. डाव्या हाताने बाही ताणून धरली आणि उजवा हात बेसावध झाला, की इस्त्रीची कड नेमकी तिथं लागते.

"स्टोअर सुटून किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

त्याने मंजुरीची फाईल टेबलावर ठेवली. "पाच महिने. ती जागाच बंद केली त्यांनी. आता हॉटेलच्याच लाँड्रीत आहे. जाताना केवढी फुशारकी मारली होती मी, कुठल्या तोंडानं सांगणार होतो तुला?"

"आणि कॉलर दाबायला कोणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? तेरा वर्षं स्टुलावर बसून बघत होतो की."

"पेपर वाचत होतात ना?"

"पेपर काय, दहा मिनिटांत संपायचा."

चार महिने जिला मनातल्या मनात शिव्या घातल्या, ती बाई आपणच निघालो, हे वहिनींच्या ध्यानात आलं. हसावं, रडावं की फोन आपटावा, ते कळेना. त्यांनी आपली डावी बाही कोपरापर्यंत सरकवली आणि हात फोनसमोर धरला. सोळा वर्षांच्या रेघा होत्या त्याच्यावर. "ह्या कधी लपवल्या मी तुमच्यापासून?"

 त्याने आपल्या कफचं बटण काढलं.

वहिनींनी डोळे पुसले आणि नणंदेला म्हणाल्या, "वन्सं, शुक्रवारचं तिकीट बघा." मग पुन्हा फोनकडे वळल्या. "तुमच्या त्या लाँड्रीत बायका किती आहेत हो कामाला?"

"सहा."

"शुक्रवारचं नको, वन्सं. बुधवारचं मिळतंय का बघा."