रेडा कोण ओढणार

लेफ्टनंट म्हणून माझी पहिली पोस्टिंग उत्तर सीमेवर, खच्चरांच्या तुकडीत झाली. मी जनावरांचा डॉक्टर. फौजेत मी एकही हुकूम मोडला नाही. मोडला तो वर्दी अंगावर येण्याआधी, परभणीत पशुवैद्यकीच्या पहिल्या वर्षाला.

अॅनाटॉमीचा रोजचा क्रम ठरलेला होता. सकाळी डिसेक्शन हॉल. फॉर्मालिन भरलेलं जनावर लोखंडी आकड्यांना उभं टांगलेलं. प्रत्येक गटाकडे एक भाग: पुढचा पाय, मान किंवा छाती. कातडी सोडवायची, स्नायू एकेक करून वेगळे करायचे, खालची रक्तवाहिनी न तोडता दाखवायची. भाग पूर्ण झाला नाही तर प्रॅक्टिकलला बसता येत नसे. वर्ष जाई.

माझ्या गटात उत्तम शिंदे होता. गंगाखेडकडचा, घरी ऊस. मी ताडकळसचा, मिलिंद वाव्हळे. वडील शाळामास्तर. नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. मेसमध्ये मुलं आडनाव पाहून शेजारी बसू लागली होती.

एका सकाळी कॉलेजच्या गोठ्यातला म्हातारा रेडा मेला. तो आमच्या बॅचला मिळाला. त्याला आणणारी ट्रॉली हॉलच्या फाटकापाशीच अडली, पुढे नाली खोदलेली होती. हॉलचा शिपाई रजेवर. उन्हाळा होता. फॉर्मालिन लवकर भरलं नाही तर रेडा फुगणार, सडणार, आणि दुसरं जनावर कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं.

प्रॅक्टिकल घेणाऱ्या डेमॉन्स्ट्रेटरांनी दोर माझ्या पायाशी टाकला.

"वाव्हळे, आत घे."

"सर, एकट्यानं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "त्याला काय शिकवायचं? पिढ्यान्‌पिढ्यांचं प्रॅक्टिकल हाय त्याचं."

हशा झाला.

आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला. तेव्हापासून आमच्या घरातल्या कुणी गावाचं मेलेलं ढोर ओढलं नाही. गावाने कामं बंद केली, तरी नाही.

मी दोर उचलला नाही. म्हणालो, "सगळ्यांनी धरला तर मी पहिला धरतो. एकटा न्हाई."

"मग प्रॅक्टिकल विसर."

"विसरतो, सर."

मी ट्रॉलीला टेकून उभा राहिलो. कुणी हललं नाही. माशा बसू लागल्या. डेमॉन्स्ट्रेटर दोनदा आत जाऊन आले. दुसऱ्यांदा त्यांनी नाकाला रुमाल लावला होता.

उत्तमने पायजमा गुडघ्यापर्यंत खोचला.

"ए मिल्या, शिंगाकडं ये. बापाला कळालं तर उसावानी सोलतोय मला. पण नापास झालो तर दोनदा सोलतोय."

"उत्तम, तू शिवायला नको," त्याच्या गावचा एकजण म्हणाला.

"मंग उद्या चाकू कशाला लावतो रे त्याला? इथं इटाळ अन् आत अॅनाटॉमी?"

त्याने दोर धरला. मीही धरला. आणखी चौघे आले. बाकीचे बघत राहिले. नालीवर फळी टाकून आम्ही सहाजणांनी रेडा आत नेला. मानेतली मोठी रक्तवाहिनी उत्तमने शोधली, नळी मी बसवली. प्रॅक्टिकलला माझंही नाव पुकारलं गेलं.

पदवीनंतर आम्ही दोघेही फौजेत गेलो. काही वर्षांनी एकाच सेक्टरमध्ये आलो. एका दुपारी त्याच्या खच्चरांच्या कॉलमवर दरड आली. एक खच्चर कड्याशी अडकलं होतं. ते सोडवायला तो खाली उतरला.

वायरलेसवर मीच होतो, पलीकडे त्याच्या कॉलममधला जवान.

"वन अॅनिमल सेफ. ओव्हर."

"शिंदे साहेब? ओव्हर."

मी पुन्हा विचारलं.

"साहेब डाउन. ओव्हर."

अंत्यसंस्कार तिथेच झाले. अस्थी घेऊन मी गंगाखेडला गेलो. घाटावर उत्तमची भावकी जमली होती. एका वयस्क माणसाने नाव विचारलं. मी रँकसकट पूर्ण सांगितलं, गावही सांगितलं.

तो म्हणाला, "साहेब, कलश खाली ठेवा. आमी उचलून घेतो."

"खाली ठेवणार नाही. वडिलांच्या हातात देणार."

तो वाटेतून हलला नाही. मीही नाही. उत्तमचे वडील गर्दीतून पुढे आले. त्यांनी कलशाला माझ्या हातांवरूनच हात घातले.

"डॉक्टर, सोडू नका. माझ्यानं एकट्यानं व्हायचं न्हाई."

मी बूट काढले. आम्ही दोघे गोदावरीत कमरेइतक्या पाण्यात गेलो. कॅप्टन उत्तम शिंदे यांच्या अस्थी तिथे आहेत.