मध्यंतरातला प्रभाकर

आमच्या गाणं ऐकणाऱ्यांच्या ग्रुपवर एखादा फोटो आणि त्याखाली जोडलेले हात आले की समजायचं, कोणीतरी कलाकार गेला. ज्यांना ऐकत आम्ही मोठे झालो ते आता एकेक करून चाललेत, त्यामुळे या फोटोंची सवयच झालीय. त्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते, चष्मा कुठेतरी आतल्या खोलीत. फोन वाजला, धूसरसा फोटो दिसला, जोडलेले हात दिसले आणि मी नेहमीप्रमाणे लिहून मोकळी झाले, 'अरेरे, फार मोठा माणूस गेला. असं गाणं आता होणे नाही.' लगेच ग्रुपमधल्या गोऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "वासंती, चष्मा लाव आणि फोटो नीट बघ." लावला. प्रभाकर होता... आमचा प्रभाकर साटम. बोरीवलीच्या बाजारात कोथिंबीर निवडता निवडता खाली बसला तो उठलाच नाही. माझा तो मेसेज अजून तसाच आहे ग्रुपवर. खोडायला हात धजत नाही.

हा एक धक्का. दुसरा बसला तेरावं झाल्यावर. त्याची बायको सुनंदा हिला भेटायला गेले होते. पाहुणे पांगले होते, आम्ही दोघीच स्वयंपाकघरात बसलो होतो. ती म्हणाली, "तुला म्हणून सांगते गं. दोन वर्षं झाली, त्याला गाणं ऐकू येत नव्हतं." मला वाटलं, दुःखात काहीतरी बरळतेय. पण ती शांतपणे सांगत होती. कानाच्या नसा गेल्या होत्या. कानाच्या आत बसवायचं बारीकसं मशीन होतं, त्यानं समोरच्याचं बोलणं कळायचं, पण सूर सगळे फाटके. तंबोरा लावला की दोन माणसं भांडताहेत असं वाटायचं त्याला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे सुधारणार नाही. "आणि कोणाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली होती. आता तोच नाही, तर शपथ कसली..."

दोन वर्षं हा माणूस दर महिन्याला आमच्या बैठकीला येत होता, पहिल्या तंबोऱ्यापासून भैरवीपर्यंत बसत होता, माना डोलवत होता. मग येत कशाला होता? आणि मला का नाही सांगितलं? आमची अर्ध्या आयुष्याची दोस्ती, आणि त्यातली शेवटची दोन वर्षं नाटक? खरं सांगते, रडू यायच्या आधी मला संताप आला. तो गेल्याचा नव्हे, मला फसवून गेल्याचा.

प्रभाकर मला भेटला तो मुलुंडच्या एका सकाळच्या मैफलीत. मी तेव्हा अंधेरीला नोकरीला नुकतीच लागले होते, गाण्यातलं फारसं कळत नव्हतं, पण भान हरपून ऐकायचे आणि नको तिथे 'वा वा' करायचे. मागून कोणीतरी म्हणालं, "ताई, जरा दम धरा, गाडी अजून स्टेशनात यायचीय." मी रागानं वळून बघितलं तर हा मिशीतल्या मिशीत हसत होता. मध्यंतरात स्वतःच चहा घेऊन आला आणि सम म्हणजे काय, तालाचं चक्र फिरून पहिल्या मात्रेवर कसं येतं, ते मांडीवर हात आपटून शिकवलं. त्याचे वडील गिरणीत होते, गाव मालवणकडचं. घरात कोणी गाणारं नव्हतं, हा दशावतारातली पदं ऐकून वेडा झालेला. पुढे सुनंदाशी लग्न झालं. तिला गाण्यातलं ओ की ठो कळायचं नाही. ती म्हणायची, "वासंती, तू जा बाई याच्याबरोबर, माझी सुटका कर." म्हणून मी जायचे. विलेपार्ले, घाटकोपर, ठाणे, जिथे गाणं असेल तिथे आम्ही दोघं. लोक काय बोलायचे ते बोलले, सुनंदानंच त्यांची तोंडं बंद केली. नंतर आमच्या बोरीवलीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही महिन्याची बैठक सुरू केली, ती अजून चालू आहे.

आता आमच्या बैठकीतल्या मध्यंतराचं सांगते. गाणं ऐकणारी माणसं एकत्र आली की चहाबरोबर भांडणं उकळतात. दोन वर्षांपूर्वी एकदा गोरे आणि वर्सोव्याची हेमा असे जुंपले की बस. गोरे म्हणत होते, आज गायला आलेल्या बाईंनी घराण्याची वाट लावली. हेमा म्हणत होती, तुमचं घराणं तुमच्याजवळ ठेवा, बाईंचा गळा बघा. प्रकरण हातघाईवर येणार इतक्यात प्रभाकर उठला. "पुरे रे. आजपासून मध्यंतरात गाण्यावर कोणी बोलायचं नाही. सध्या काय वाचताय तेवढंच बोलायचं." सगळे हसले, पण नियम चिकटला तो चिकटलाच. नवा कोणी श्रोता आला आणि 'काय मारवा लावलाय हो' म्हणायला लागला की गोरेच त्याला दटावायचे, "ते घरी जाऊन. वाचताय काय?"

आणि काय रंगायचं ते! हेमाचा माशांचा धंदा, वाचन सगळं खुनाच्या गोष्टींचं, आणि खोड अशी की खुनी आधी सांगून टाकायची. "नवऱ्यानंच मारलंय, पण वाचा तुम्ही, मजा आहे." गोरे वाचायचे फक्त बागकामावर. मी आत्मचरित्रं, तीही बायकांची. पण खरी कमाल प्रभाकरची. वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानापलीकडे न गेलेला हा गडी, साठी उलटल्यावर एकदम पुस्तकांवर तुटून पडला. दीपगृहात राहणाऱ्या माणसांवरचं, तुरुंगाच्या जेलरनं लिहिलेलं, देवमाशांवरचं जाडजूड. सांगायचा असा, की आधी नुसता समुद्रच सांगेल, सावकाश, मासा यायची घाई नाही. गोरे म्हणायचे, "साटम, आलाप पुरे, बंदिशीवर या." मी चिडवायचे, "म्हातारपणी पुस्तकांचं बाळसं धरलंयस." तो म्हणायचा, "गो बाये, उशिरा जेवायला बसलेला माणूस जास्त जेवतो."

आम्हाला वाटायचं, भांडण मिटवायला त्यानं तो नियम काढला. केवढं कौतुक केलं त्याच्या शहाणपणाचं! सुनंदा म्हणाली, "कसलं भांडण? तुम्ही गाण्यावर बोललात की त्याला काय उत्तर द्यावं कळेना. काय गायलं तेच माहीत नाही. पुस्तकाला कान लागत नाहीत ना गं."

मग मी तिला तो प्रश्न विचारलाच. बोलायला पुस्तकं होती तर ती घरी फोनवर बोलता आली असती. ते तीन-तीन तास फाटके सूर अंगावर घेत कशाला बसायचं?

सुनंदानं उलट मलाच विचारलं, "तो बसायचा कुठे?" मी म्हटलं, पूर्वी माझ्या शेजारी. हल्ली पाठ दुखते म्हणून भिंतीला टेकून, गवयाच्या बाजूला, आमच्याकडे तोंड करून. डोळे मिटून ऐकणारा माणूस हल्ली डोळे उघडे ठेवायचा, त्यावरूनही मी त्याला टोकलं होतं. "पाठ ठणठणीत होती त्याची," सुनंदा म्हणाली. "मशीन काढून खिशात ठेवायचा आणि तुझा हात बघत बसायचा. मला सांगायचा, वासूला मीच शिकवलंय, तिची सम चुकत नाही. तिचा हात मांडीवर पडला की मला कळतं गाणं कुठे आलंय. उरलेलं मी आठवतो."

मी भडभडून रडले. तिच्या ओट्याला धरून, लहान पोरीसारखी. संताप कुठल्या कुठे गेला. त्याच्या शेवटच्या बैठकीत मी मध्येच कंटाळून फोन बघत बसले होते, तेवढा वेळ त्याचं काय झालं असेल...

सुनंदाच्या परवानगीनंच हे लिहितेय. मंडळींनाही मी परवाच्या बैठकीत सांगितलं. मध्यंतरात नव्यांपैकी कोणीतरी म्हणालं, म्हणजे आता गाण्यावर बोलायला हरकत नाही. त्यावर गोरे हेमाकडे वळून म्हणाले, "हं, या वेळी कोणी मारलं?" हेमानं सांगितलं.

त्या दिवशी सुनंदा पहिल्यांदाच बैठकीला आली होती. मी शेजारी जागा धरली होती, पण ती सरळ भिंतीपाशी जाऊन आमच्याकडे तोंड करून बसली. मध्यंतरानंतर संथ लयीतलं विलंबित सुरू झालं. ती माझ्याकडे एकटक बघतेय हे दिसत होतं, आणि माझा हात मांडीवर नुसता पडून राहिला, उचलेचना. तालाचं एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. सुनंदा उठली, वाकून माझ्यापाशी आली आणि कानात म्हणाली, "हात हलव ना गं... मला कळत नाहीये कुठे आलंय ते."