पिलबागेचं गणित

सुलक्षणाशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मी तिची मावसबहीण, आपटून पाहिलंय.

ती जळगावला संशोधन करते. मातीत पडलेला किरणोत्सर्गी अंश पिकात किती चढेल, ते संगणकावर आधीच मांडायचं. जुन्या अणुचाचण्यांतलं सीझियम जगभरच्या मातीत नखभर आहेच. केळीला ते पोटॅशसारखंच वाटतं, म्हणून ती तेही ओढते. "उद्या कुठे अपघात झाला, तर आपली केळी खायची की फेकायची, हे कोण सांगणार?" सुलक्षणा विचारायची.

पहिल्या पिकाचे आकडे जुळले. दुसऱ्या पिकात मात्र चोपड्याच्या घरच्या बागेतल्या केळात अंदाजापेक्षा जास्त सीझियम निघालं. धोका काहीच नव्हता, पण गणित चुकलं होतं. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "हे नमुने वगळा आणि प्रबंध देऊन टाका." मीही म्हटलं, घे बाई पदवी एकदाची. आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही.

सुट्टीत आम्ही दोघी चोपड्याला गेलो. तिची आई, झुंबरमावशी, घड उतरवलेली झाडं तोडत होती. खोड तिथेच आडवं, शेजारी त्याच्याच बुडातून फुटलेलं पील वाढतंय. नवी लागवड नाही, पिलावरच पुढचं पीक. आमच्याकडे हीच पिलबाग. सुलक्षणा मटकन खाली बसली.

"काय व्हयनं वं?" मावशी घाबरली.

"खोड बठ्ठं आठेच ऱ्हास, माय. अन् मी ते मोजंच नही!"

गणितात तिने 'काढणी' लिहिलं होतं, आणि काढणी झाली म्हणजे पीक शेतातून गेलं, असं पुस्तकासारखं धरलं होतं. अहो, जातो तो नुसता घड! खोड कुजतं आणि त्यातलं सीझियम पुन्हा पिलाला मिळतं. केळीवाल्यांची पोर, आणि केळीच विसरली! मी पोट धरून हसले. ती हसली नाही.

तिने गणित नव्याने मांडलं. शिष्यवृत्ती संपली होती, तर शिकवण्या धरल्या, आणि आणखी एका पिकासाठी थांबली. या वेळी घड उतरण्याआधीच आकडा सरांकडे दिला. केळी तपासून झाली. आकडा जुळला. मला तर रडूच आलं.

मावशीला आकड्याचं काय! तिने विचारलं, "मंग आपली केयी चांगली शे ना वं?"

"आज चांगली शे, माय," सुलक्षणा म्हणाली. "ज्या दिन नही ऱ्हावाव, त्या दिन मी खोटं बोलाव नही. तुले बी नही."