ताण्याच्या जागेतलं पंपिंग स्टेशन

गटाराची मोठी पाईप पाहिजे, ही आमच्या गल्लीची फार जुनी मागणी. मी भंडाऱ्याकडून कानडी मुलखातल्या शहापुरात यंत्रमागावर कामाला आलो, त्याच्याही कितीतरी आधीची. जमिनीखालची जुनी पाईप बारीक पडायची, तुंबायची, म्हणून इथल्या लोकांनी मोर्चे काढले होते, घोषणा दिल्या होत्या. आणि एके दिवशी नवी पाईप खरोखरच मंजूर झाली. मग कळलं, की पाईपमधली घाण आपोआप चढ चढत नाही. सगळ्यात सखल जागी विहिरीएवढा खड्डा लागतो, त्यात सगळं गोळा होतं आणि पंपानं पुढं ढकलावं लागतं. याला पंपिंग स्टेशन म्हणतात.

त्या दिवसापासून गल्लीत एकमेकांचं कौतुक सुरू झालं. देवळात मीटिंग भरली, तेव्हा मी मागं चपलांपाशी बसून ऐकत होतो.

"आण्णा, तुमच्या बोळाचा उतार लई झकास हाय की. तितंच करायला सांगा."

"आमचा कसला उतार? चेंडू ठेवला तर हालत न्हाय. मान तुमचा."

शेजाऱ्याला एवढा मान देणारी माणसं मी आयुष्यात पाहिली नव्हती. शेवटी तीन पायांच्या स्टँडवर दुर्बीण लावून दोन माणसं आली आणि त्यांनी सखल जागा शोधून काढली. ती निघाली आप्पांच्या घरामागची मोकळी जागा. तिला सगळे 'ताण्याची जागा' म्हणतात. तिच्या कोपऱ्यातच माझी भाड्याची खोली.

आप्पा म्हणजे माझे मालक. माग त्यांचे, खोलीही त्यांचीच. सातवीत शाळा सोडलेला मी इथं उतरलो, तेव्हा बसच्या पाट्या बघून घाम फुटला होता. अक्षरं ओळखीची नव्हती. पहिल्याच सुट्टीला आप्पांनी मला खडेबाजारात नेलं आणि दुकानांच्या पाट्या दाखवत कानडी अक्षरं शिकवली. आज मी अडखळत का होईना, वाचतो. तापानं पडलो तेव्हा त्यांच्या बायकोनं, आक्कांनी, ताट झाकून पाठवलं. असे उपकार झाले, की माणसाचं तोंड उघडेनासं होतं. त्यात मी मुळातच भित्रा. दारावर टकटक झाली, की मला वाटतं, खोली सोडायला सांगायला आले.

म्हणून आप्पांना मी कधी बोललो नाही, की पाईप तुंबली की माझ्या दारासमोरच्या चेंबरमधून पाणी वर येतं आणि खोलीत शिरतं. आम्ही खाट विटांवर चढवली, उंबऱ्याला फळी आडवी लावली. पाळणा तर आधीपासूनच वर होता. पण मुलगी रांगायला आली. पाळण्यात पालथी पडून पोहणाऱ्यासारखे हातपाय मारायची.

"अजी, पोरीले खाली ठेवू तरी कुठं?" बायको मेथी निवडताना म्हणाली. "मालकाले सांगून टाका ना."

"सांगतो."

"काऊन भेता एवढे? दिवाळीपर्यंत जमीन कोरडी नाही झाली, तर मी हिले घेऊन माहेरी जातो." ती रागावली नव्हती. मेथीतलं गवत काढावं तशा आवाजात बोलली. म्हणूनच मला ते खरं वाटलं.

तेव्हा स्टेशन आमच्या दारात येणार हे ऐकून अख्ख्या गल्लीत एकट्या मला आनंद झाला. मयताला गेल्यावर हसू यावं तसा तो आतल्या आत दाबून ठेवला.

पण आप्पांनी बेत काढला. साहेब लोक जागा बघायला येणार होते. "जागा रिकामी दिसली की गेली म्हणून समजा," आप्पा म्हणाले. "हितं धंदा चालतोय, असं दाखवायचं. ताणा लावायचा."

पूर्वी हातमागाचं सूत या जागेत लांबच्या लांब ताणत, त्याला पिठाची खळ लावत आणि उन्हात वाळवत. आता सूत तयार गुंडाळून टेंपोतून येतं. खळ करणं कित्येक वर्षांत कुणी केलं नव्हतं. ताण्याच्या जागेत गाड्या असायच्या आणि एक मोडकी रिक्षा, तिच्यात कोंबड्या. तरी माळ्यावरून बांबू उतरले, कुंचे निघाले, कुठूनसं सुती सूत आलं. आक्कांनी खळ शिजवली. माप त्यांच्या सासूबाईंच्या हातचं होतं, म्हणजे सगळ्या गल्लीचे ताणे लागायचे तेव्हाचं. पिंपं भरली. तेवढ्या खळीत शेजारच्या सगळ्या वडगावची लुगडी कडक झाली असती.

त्या दिवशी सकाळी तीन म्हातारे कुंचे घेऊन उभे राहिले.

"अरं, वरनं खाली मार!"

"माझा बा खालनं वर मारत हुता."

"म्हणून तुझ्या बाचं लुगडं कोण घेत न्हवतं."

मला शेवटच्या टोकाची दोरी दिली. "तू तरणा हाईस, ताणून धर," आप्पा म्हणाले. "सोडलास तर सगळं मातीत." हे टोक नेमकं माझ्या दारासमोर, पायाशी चेंबर. जे व्हावं म्हणून मी मनात देवाला सांगत होतो, ते अडवणारा ताणा मीच दोन्ही हातांनी धरून उभा होतो.

इंजिनियर मॅडम आल्या. ताणा बघून खूश झाल्या. "एष्टु चंद!" म्हणाल्या, म्हणजे किती छान, आणि फोनवर फोटो काढायला लागल्या. मग मराठीत विचारलं, "रोज लावता?"

"रोज," आप्पा म्हणाले.

तेवढ्यात पलीकडच्या घरातला एकजण किल्ली फिरवत आला. "आप्पा, माझी गाडी कुठं ढकलला? रोज हितंच लावतोय की!"

मॅडमचे फोटो थांबले.

इकडे आक्कांना वाटलं, पाहुण्यांसमोर उरलेल्या खळीची पिंपं बरी दिसत नाहीत. त्यांनी बायकांना हाक मारली आणि सगळी खळ मोरीत ओतून टाकली. घट्ट खळ बारीक पाईपमधून निघाली आणि वाटेत कुठंतरी घरासारखी बसली. माझ्या पायाशी चेंबरचं झाकण हललं. आधी पांढरं आलं, दुधासारखं, अगदी सभ्य. मग त्याच्या मागचं आलं, ते पांढरं नव्हतं. म्हाताऱ्यांनी धोतरं वर धरली.

"सोडू नकोस रं!" आप्पा पलीकडच्या टोकावरून ओरडले. मी नाही सोडली. पाणी चपलांवरून गेलं, आडव्या फळीखालून आत शिरलं.

"हे नेहमी आत जातं?" मॅडमनी मला विचारलं.

समोर आप्पा, मागं सगळी गल्ली. "नेहमी म्हणजे... तसं काही नाही, मॅडम," मी म्हणालो.

दार उघडलं. कडेवर पोरगी, दुसऱ्या हातात खराटा. "खोटं काऊन बोलता?" बायको म्हणाली. "या मॅडम. पाय उचलून या."

मॅडमनी उंबऱ्यातून आत बघितलं. आणि आप्पाही आले. ते आले म्हणजे त्यांचं टोक त्यांनी सोडलं होतं. ताणा मधोमध वाकून त्या पाण्यात बसला. मी माझं टोक धरूनच होतो. आप्पांनी विटांवरची खाट बघितली, पाळणा बघितला. मग बायकोला विचारलं,

"ह्या पोराला खाली कुठं सोडतीस गं?"

"कुठंच नाही, आप्पा."

ते माझ्याकडं वळले. "तुला तोंड न्हवतं व्हय रं? सोड आता ती दोरी."

मग मॅडमना म्हणाले, "लिवून घ्या. हितंच करा. फकस्त निम्मी जागा गाड्यांना सोडा."

"ताण्याला न्हवं व्हय?" मागून कुणीतरी विचारलं. सगळे हसले. आप्पा हसले नाहीत.

आक्कांनी न विचारता बायकोच्या कडेवरून पोरगी काढून घेतली, आपल्या पुढच्या सोप्यात नेली आणि शहाबादी फरशीवर ठेवली. पोरगी घटकाभर तशीच बसली. मग सरळ रांगत शोकेसखाली गेली आणि तिथली चप्पल तोंडात घातली. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी तिकडं जाऊ लागली. मला कुणी काही विचारलं नाही, ते बरंच झालं.

पुढं ताण्याच्या जागेत स्टेशनची कानडी पाटी लागली. मीच ती गल्लीला वाचून दाखवली. त्यानंतर काही लागलं नाही. दिवाळी आली, गेली. जमीन ओलीच होती, पण माहेरचं नाव निघालं नाही. पोरगी आक्कांच्या फरशीवर रांगली, तिथंच उभी राहिली, आता धावत जाऊन पाटीवर थापा मारते. खड्डा अजून खणायचाय. चेंबर भरलं, की आप्पा स्वतः बांबू घेऊन येतात, ढोसत राहतात आणि दुसऱ्या हातानं ऑफिसला फोन लावतात.

"कधी सुरू करतासा, साहेब? जागा नुसती रिकामी पडल्या की!"