माहेरचा बेडूक

बेडूक पाळला होता म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, काहून? कुत्रं पाळावं, पोपट पाळावा, बेडूक काय पाळायची चीज आहे? खरं सांगायचं तर मी तो पाळायला आणलाच नव्हता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझ्या लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं. पावसाळ्यात माझे बाबा नरखेडकडून एसटीनं आमच्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या घरी आले, अंगणात लावायला संत्र्याची दोन कलमं घेऊन. मुळांना ओलं पोतं गुंडाळलेलं. ते सोडलं आणि आतून हा टुणकन उडाला तो थेट सासूबाईंच्या पायावर. त्यांनी जे घर डोक्यावर घेतलं, विचारू नका. बाबा बिचारे ओशाळून म्हणाले, कलमं रात्री विहिरीजवळ ठेवली होती, आपल्या विहिरीवरचाच दिसतो.

आपल्या विहिरीवरचा. एवढं ऐकलं अन् मी त्याच्यावर टोपलं पालथं घातलं.

दिवाळीपासून मी माहेरी गेले नव्हते. सासूबाईंचे गुडघे धरले होते आणि सगळं घर माझ्यावर आलं होतं. जाऊ नको असं कोणी म्हणत नव्हतं, पण जा असंही कोणी म्हणत नव्हतं. नवऱ्यापाशी विषय काढला की तो ‘आईला विचार’ म्हणून पेपरात तोंड खुपसायचा. असा राग यायचा ना! पण सासूबाईंसमोर उभी राहिले की माझी वाचाच बसायची. पुढची दिवाळीही तशीच गेली.

परसात एक जुनी नांद पडून होती, घरी गाय होती तेव्हाची. तिच्यात एका बाजूला माती अन् विटांचे तुकडे टाकले, दुसऱ्या बाजूला वीतभर पाणी, वरून खिडकीची जुनी जाळी. पहिल्या दिवशी भात घातला, पोळीचा चुरा घातला. साहेबांनी ढुंकून पाहिलं नाही, पाणी मात्र नासलं. मग ध्यानात आलं की जे हलतं तेच तो खातो. झालं, मी गांडुळं उकरायला लागले, दिव्याखालचे किडे वाटीत धरायला लागले, स्वयंपाकघरात झुरळ दिसलं की मला आनंद व्हायचा. नळाच्या पाण्याला औषधाचा वास यायचा, म्हणून ते एक दिवस बादलीत उघडं ठेवून मग नांदेत ओतायचं. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, अंगानं पितो, असं बाबा सांगून गेले होते, म्हणून तिखटाचा किंवा साबणाचा हात कधी त्याला लावला नाही. थंडीत तो मातीत शिरला अन् खाईना, तर मेला समजून मी रडले. मे महिन्यात आमच्या नागपुरात माणसं उकडून निघतात, तिथं त्याचं काय! नवऱ्याला हाताशी धरून नांद कूलरच्या मागे ओढली, म्हणजे ठिबकणारं गार पाणी आत पडेल. संध्याकाळी मी तिथं बसून त्याच्याशी बोलायची. सासूबाई आतूनच विचारायच्या, झाली का माझी चुगली सांगून?

त्या साली आषाढ अर्धा उलटला तरी पावसाचा पत्ता नव्हता. गल्लीतल्या बायकांनी धोंडी काढायचं ठरवलं. धोंडी म्हणजे मुसळाला कडुलिंबाचा पाला अन् जिवंत बेडूक बांधून दारोदार फिरवायचं, घरोघरी त्याच्यावर पाणी ओततात, मग पाऊस येतो म्हणतात. पण बेडूकच मिळेना. सक्करदऱ्याचा तलाव आटून चिखलाला लागलेला, बेडूक सगळे खोल मातीत. मग कोणाला तरी आमची नांद आठवली.

भरदुपारी बायकांचा घोळका दारात आला. बांधलेला जीव दिवसभर उन्हात फिरला तर काय वाचणार? आणि देवाच्या कामाला सासूबाईंनी कधी नाही म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं. मी भिंत धरून उभी राहिले.

सासूबाई गुडघ्यावर हात देत उठल्या, दारात गेल्या आणि म्हणाल्या, “तो तिच्या माहेरचा हाय. सुनेच्या माहेरची चीज मी कोणाले देत नाही.”

एका बेडकापायी साऱ्या गावाला तहानलेलं ठेवता का, असं एकीनं ऐकवलं. सासूबाईंनी अंगणातली माती भिजवून तिचा बेडूक केला, डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे बसवले, मुसळाला बांधून दिला अन् पहिला तांब्याही त्यांनीच ओतला. तो बेडूक चार घरं जाईपर्यंत विरघळून गेला. पाऊस काही आला नाही. मग नळावर, देवळात, सगळीकडे बोलणं सुरू झालं की म्हातारीनं बेडूक दिला नाही म्हणून पाणी अडलं. त्या ऐकून घ्यायच्या. मला त्यांनी त्यावरून एका शब्दानं टोचलं नाही. त्या दिवसांत मी त्यांचे गुडघे जरा जास्तच वेळ चोळत बसायची.

पाऊस उशिरा आला, पण आला. चहूकडून बेडूक ओरडू लागले अन् आमचाही नांदेतून गळा फुगवून त्यांना साद द्यायला लागला. सासूबाई ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाल्या, “त्याले त्याच्या विहिरीत सोडून ये वं. चांगली पंधरा दिवस राहजो.”

मी गुडघ्यांचं विचारलं. त्या म्हणाल्या की गुडघे तर तू असली तरी दुखतात.

रिकाम्या डब्याच्या झाकणाला भोकं पाडली, ओली माती घातली, बेडूक घातला. पिशवी घेऊन पाया पडले, फाटकापर्यंत पोचले, तर मागून हाक आली.

“अन् येताना दुसरा घेऊन येजो. नाही तर पुढच्या साली सोडायले काय नेशील?”

सासूबाई होत्या तोवर आमची नांद कधी रिकामी राहिली नाही.