विहीणबाईंचा पाणवठा

दोन दिवसांसाठी तुमच्याकडे आलेय, तर या, अशा जवळ येऊन बसा बघू. आणि तो फोन पालथा ठेवा. इतकी वर्षं झाली तुम्हाला ऑस्ट्रेलियात येऊन, पण इथे डँडेनॉन्गच्या बाजारात ताजा कढीपत्ता मिळतो म्हणून हलायला तुम्ही तयार नाही. फार तर डार्विनला मित्राकडे चार दिवस राहून येता आणि सांगता, आम्ही उत्तर ऑस्ट्रेलिया पाहिला. आमच्या आडबाजूच्या गावाला कोण येणार? म्हणून तर आमच्या विहीणबाई तुम्हाला ठाऊक नाहीत. तर ऐका. पाण्याची एवढी भीती आणि पाण्यावर एवढा जीव, दोन्ही एकाच माणसात असलेली दुसरी बाई या अख्ख्या खंडात नाही.

विहीणबाई म्हणजे माझ्या जावयाची आई. जावई आमच्या गावच्या वीजकेंद्रात इंजिनियर. गाव कंपनीचं. डोंगरावर धरण, खाली दरीत वीजकेंद्र आणि मधल्या सपाटीवर खांबांवर उभी केलेली, एकाच हिरव्या रंगाची घरं. एक दुकान, एक शाळा, एक हॉल आणि पोहण्याचा एक तलाव, झालं गाव. टर्बाइनची घुमघुम दिवसभर पायाखाली जाणवते आणि महिनाभरात तिची इतकी सवय होते की दुरुस्तीसाठी ती थांबली तर लोक दचकून घराबाहेर येतात. लेकीला दुसरं मूल होणार म्हणून आम्ही दोघी आजी एकदमच तिथे जाऊन थडकलो. मुलाची आई म्हणून मान त्यांचा, तेव्हा मी चहा, पाट, सगळं जय्यत ठेवलं होतं. त्यांनी तो मान पहिल्याच दिवशी भांडी घासण्यात घालवला, कारण मी नळ सोडून भांडी घासते हे त्यांना बघवेना. मला ओट्यापासून बाजूला करत म्हणाल्या, "तुम्ही बसा विहीणबाई. तुमच्या एका कढईच्या पाण्यात आमच्या गल्लीची आंघोळ होती."

त्या मराठवाड्यातल्या. टँकरच्या वेळेवर लग्नाचे मुहूर्त काढणारं त्यांचं गाव. आणि येऊन पडल्या कुठे, तर जिथे पाऊस लागला की कपडे कपाटात दिवा लावून वाळवावे लागतात तिथे. पण बाईंचा पाण्यावर विश्वास नाही. घरातली प्रत्येक बादली, पातेलं, नातीचा वाळूत खेळायचा डबासुद्धा भरून झाकून ठेवायच्या. जावई सांगून थकला, की आई, अख्खी नदी माझ्या हाताखालून जाते, पाणी कुठे पळत नाही. त्यावर त्या शांतपणे म्हणायच्या, "नदी तुझ्या हाताखालून जाती ना, मग थांबती कुठं?" एकदा त्याने हौसेने त्यांना वीजकेंद्र दाखवायला नेलं. ती अजस्र यंत्रं बघून आम्ही आ वासला आणि विहीणबाईंनी एकच विचारलं, की वापरून झालं की हे पाणी कुठं जातं. समुद्रात जातं म्हटल्यावर त्या तिथल्या बाकावर कोणी गेल्यासारख्या बसून राहिल्या. दोन दिवस लेकाशी धड बोलल्या नाहीत. जणू त्यानेच ते ओतून दिलं होतं.

बाकी त्यांच्या तऱ्हा काय सांगू. इकडे ज्वारी गुरांना घालतात हे कळल्यावर त्यांना आधी राग आला, मग आनंद झाला आणि मग त्यांनी गुरांच्या खाद्याच्या दुकानातून पोतं आणवलं. भाकरी थापायच्या ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. रस्त्यात भेटेल त्याला जय भीम घालायच्या. समोरचा गोरा असो, काळा असो, कुत्रा फिरवत असो, फरक नाही. दुकानदारीण आधी बावचळली, नंतर बाई दिसल्या की तीच आधी ओरडायची, "जाय भीम, लव्ह." शेजारचा केव्हिन टर्बाइनवर आयुष्य काढून निवृत्त झालेला, एकटा. तो इंग्रजीत बोलायचा, ह्या मराठीत, आणि दोघांचं तासन्‌तास पटायचं. माझं इंग्रजी बरं, म्हणून मी मध्ये पडून अर्थ सांगायला गेले की दोघेही माझ्याकडे असे बघायचे की मी उठून चहाच ठेवायची.

अशात एक दिवस दुकानाच्या दारावर कंपनीची सूचना लागली. केंद्र आता शहरातल्या एका खोलीत बसून चालवतात, गावात माणसं कमी झाली, तलावावर कोणी फिरकत नाही. सबब तलाव माती टाकून बुजवणार आणि वर छान हिरवळ करणार. गावाने ते वाचलं, हळहळ केली आणि दूध-पाव घेऊन घरी गेलं. विहीणबाईंनी नातीकडून दोनदा वाचून घेतलं. "भरलेलं पाणी बुजवणार?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, असं दिसतंय खरं. त्या घरी आल्या, लेकाची क्रिकेटची जुनी ट्रॅकपँट आणि लांब बाह्यांचा टी-शर्ट चढवला, पदर नाही म्हणून टॉवेल खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला आणि तलावावर चालू लागल्या.

आता, ह्या बाई गुडघ्याच्या वर पाण्यात कधी उतरलेल्या नाहीत. विहिरीत वाकून बघायचं तर मागून कोणी पदर धरायचा, असा सगळा कारभार. पहिल्या दिवशी तिसऱ्या पायरीवरच त्या अडून उभ्या होत्या आणि मी काठावरून टॉवेलचं टोक धरलं होतं. केव्हिन येऊन म्हणाला, मी शिकवतो. मग रोज दुपारी हाच उद्योग. त्या काठाची लोखंडी दांडी धरून पाय झाडायच्या, इतकं पाणी उडायचं की केव्हिनची टोपी वाहून जायची. पण दांडी काही सुटेना. "लेट गो, लव्ह," तो म्हणायचा. "तुझं काय जातंय," ह्या म्हणायच्या. ही मजा बघायला आधी पोरं आली, मग पोरांच्या मागे आया आल्या. मग शिफ्ट संपवून केंद्रातले लोक येऊ लागले. काठावर नुसतं बघत उभं राहणाऱ्याची विहीणबाई गय करायच्या नाहीत. "उतर, पाणी हलतं राहू दे," म्हणून भाकरीचं आमिष दाखवून पाण्यात घ्यायच्या. नात वैतागायची, "आजी, यू आर सो एम्बॅरसिंग," आणि सूर मारायची.

शेवटी शहरातून कंपनीचे साहेब आले. शनिवारी आर्व्होला, म्हणजे दुपारी, सभा आहे, तलावाकाठी, असा निरोप फिरला. विहीणबाईंनी सकाळीच काठावरच्या सगळ्या खुर्च्या हॉलमध्ये नेऊन ठेवल्या आणि जाहीर केलं, सभा पाण्यात होईल. जावई हात जोडून म्हणाला, "आई, मी त्याच कंपनीत आहे गं. मला मध्ये घेऊ नकोस." त्या म्हणाल्या, "मध्ये कशाला घेऊ? पाण्यात घेते."

साहेब आले तर अख्खं गाव छातीभर पाण्यात उभं, आणि काठावर बूट घातलेले ते एकटे. कोणी वापरत नाही हे वाक्य त्यांनी पाठ करून आणलं असावं. ते अर्ध्यावर आलं आणि त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. तरी खर्चाचं, देखभालीचं ते बोलले. चांगला माणूस होता हो, उगीच का वाईट म्हणू. मग विहीणबाईंनी दांडी धरूनच लेकाला खूण केली, की विचार, इथं नदीत उतरता येतं का? साहेब म्हणाले, नाही, मगरी आहेत. धरणात? नाही, तिथे मनाई आहे.

"मग एवढ्या पाण्याच्या गावात माणसानं पाण्याला हात लावायचा कुठं?" त्या म्हणाल्या. "माझ्या आजीला पाणवठ्याला हात लावू देत नव्हते. वरून ओततील तेवढंच ओंजळीत. मी या पाण्यात उतरले आहे. आता हे बुजू देणार नाही."

जावई इंग्रजीत सांगत होता. आधीची वाक्यं त्याने 'आई म्हणते' म्हणत सांगितली. आजीचं वाक्य आलं तसा तो थांबला, आणि मग 'आई म्हणते' गाळूनच बोलला. खालून टर्बाइनची घुमघुम चालूच होती. साहेब खाली बसले, बूट-मोजे काढले, पँट दुमडली आणि पाय पाण्यात सोडले.

आणि त्याच क्षणी विहीणबाईंनी दांडी सोडली. ते पोहणं कुठल्या प्रकारात बसतं मला माहीत नाही. उभ्या ज्वारीतून वाट काढावी तसे हात मारत, टॉवेल मागे तरंगत, तोंडाने फूं-फूं करत बाई तलावाची अख्खी रुंदी कापून साहेबांच्या पायांपाशी पोचल्या, काठ धरला, श्वास घेतला आणि म्हणाल्या, "जय भीम." गाव असं ओरडलं की डोंगरावरचे काकाकुवे उडाले. केव्हिन तर रडतच होता, पण पाण्यात असल्यामुळे त्याला नाकबूल करता आलं. सभेनंतर काठावरच सगळ्यांचं जेवण झालं, तेव्हा सॉसेजबरोबर ठेचा खाऊन साहेबांचेही डोळे पाणावले, ते वेगळं.

तलाव राहिला. पाणी आणि पंप कंपनीचा, झाडलोट गावाची, आणि किल्ली विहीणबाईंच्या गळ्यात, मंगळसूत्राच्या वर. फक्त साहेब जाताना एवढं म्हणाले, की पावसाळा संपला की येऊन बघेन, लोक येतायत ना.

मग बाळ झालं आणि त्यांचा व्हिसा संपला, माझा अजून बाकी आहे. विमानतळावर किल्ली माझ्या गळ्यात घालून म्हणाल्या, "विहीणबाई, बादल्या नाही भरल्या तरी चालतील." आता रोज दुपारी मीच फाटक उघडते. त्यांचा टॉवेल अजून खुंटीवरच आहे, मी काढला नाही आणि केव्हिनही काढू देत नाही. मला पोहता येत नाही, पण छातीभर पाण्यात उभी राहून हात हलवत असते. पाऊस आहे, बरीच घरं सुट्टीला गेलीत, कधी कधी आम्ही दोघंच असतो. तुम्ही या. पोरांचे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे आणा, नसले तर जुनी ट्रॅकपँटही चालते. पाऊस संपायच्या आत या, पाणी हलवायला माणसं हवीत.