डॉक्टरांनी सही दिली नाही

मैत्रिणींनो, आज दिवसभर डोकं सुन्न आहे, म्हणून इथं लिहितेय.

पुढच्या महिन्यात मी आणि माझ्या शाळेतल्या दोघी शिक्षिका, शबाना आणि वंदना, हिमालयात ट्रेकला जाणार होतो. तीन महिने रोज पहाटे पाठीवर सॅक घेऊन आम्ही राजूर घाट चढतोय.

आज शबानाला सोबत घेऊन मेडिकल फॉर्मवर सही घ्यायला गेले, तर माझा बीपी फारच वाढलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, "आधी गोळ्या सुरू करा. इतक्या उंचीवर जायले मी सही देणार नाही."

दोघींच्या घरून होकार मिळाला होता तो मी सोबत आहे म्हणूनच. मी थांबले की त्याही अडकल्या.

बाहेर येऊन मी शबानाला म्हटलं, "न तपासता सही देणारे डॉक्टर आहेत. घेऊन टाकू?"

तिनं फॉर्म माझ्या हातातून काढून घेतला. "ताई, तिथं बर्फात तुम्हाले काही झालं, तं तुमच्या लेकीले मी काय सांगू?"

मी तिथूनच ट्रेकच्या गाइडला फोन करून माझं नाव काढायला सांगितलं.

संध्याकाळी देऊळघाटला शबानाच्या अब्बांना भेटले. गाइड अनुभवी आहे, गटात आणखी बायका आहेत, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "मॅडम, तुम्हीच नाही जाऊन राह्यल्या, तं पोरीले कोनाच्या भरोशावर पाठवू?"

शबाना दारातच उभी होती, तिनं मान वर केली नाही.

वंदनाच्या घरी जायची हिंमत अजून झालेली नाही. तुम्ही असता, तर अब्बांना काय सांगितलं असतं?